चाकांवरच्या घराची सौर बॅटरी बँक: चार्जिंग आणि निगा, नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मोटरहोम, कॅम्पर व्हॅन किंवा ओढून न्यायचा कॅराव्हॅन, यांच्या छतावर सोलर पॅनेल बसवले की वीज फुकट मिळू लागते, असा समज असतो. सूर्यप्रकाश फुकट असतो हे खरे. पण तो साठवणारी बॅटरी महाग असते आणि तिचे आयुष्य जवळजवळ पूर्णपणे आपल्या हातात असते. नीट बसवलेली आणि नीट चार्ज होणारी लेड-ॲसिड बँक, म्हणजे एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच, अनेक वर्षे टिकते, तर तीच बँक चुकीच्या सेटिंगवर एका हंगामात निकामी होऊ शकते. बॅटऱ्या जास्त वापरल्यामुळे जेवढ्या खराब होतात, त्यापेक्षा कितीतरी जास्त अर्धवट चार्ज राहिल्यामुळे किंवा आपल्या रसायनाला न मानवणाऱ्या पद्धतीने चार्ज झाल्यामुळे खराब होतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखात सर्वाधिक भर चार्जिंगवर आहे.

पहिले पाऊल: आपल्याकडे कोणती बॅटरी आहे ते पाहा

बॅटरीवरचे लेबल वाचल्याशिवाय कोणत्याही सेटिंगला हात लावू नये. चाकांवरच्या घरांत साधारणतः चार प्रकार आढळतात. पहिला, झाकणे उघडून पाणी घालता येणारी लेड-ॲसिड बॅटरी. दुसरा, बंदिस्त एजीएम, जिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते. तिसरा, जेल, जिच्यात ॲसिड घट्ट स्वरूपात असते. आणि चौथा, लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला व्यवहारात नुसते ‘लिथियम’ म्हटले जाते. पहिले तिन्ही प्रकार मूळ लेड-ॲसिड कुळातलेच आहेत. हे तंत्र गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधले आणि त्याची रासायनिक प्रक्रिया आजही तीच आहे. लिथियमचे वागणे मात्र बहुतेक बाबतींत याच्या उलट असते, त्यामुळे एकाचे नियम दुसऱ्याला लावणे धोक्याचे ठरते.

इंजिन सुरू करण्याची बॅटरी यात धरू नये. ती क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या प्लेट पातळ असतात आणि वारंवार खोलवर डिस्चार्ज झाल्यास ती लवकर संपते. घराच्या वापरासाठी डीप सायकल, म्हणजे वारंवार खोलवर डिस्चार्ज सोसणारी बॅटरीच हवी.

दुसरे पाऊल: रोजची गरज मोजा

प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि त्याच्या वापराचे तास यांचा गुणाकार केला की वॉट-अवर मिळतात. उदाहरणार्थ, १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅट घेत असेल आणि दिवसाकाठी प्रत्यक्षात १० तास चालत असेल, तर ४५० वॉट-अवर होतात. पंखा २५ वॅटचा आणि ८ तास, म्हणजे २००. लॅपटॉप ६० वॅट आणि ३ तास, म्हणजे १८०. दिवे मिळून २० वॅट आणि ४ तास, म्हणजे ८०. पाण्याचा पंप जेमतेम १५. याशिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी काही वॅट खातो. १५ वॅट धरून १० तासांचे १५० झाले. बेरीज होते १,०७५, म्हणजे सुमारे १,१०० वॉट-अवर. नवखे लोक ही शेवटची नोंद हमखास विसरतात, आणि रात्रभर विनाकारण चालू राहिलेला इन्व्हर्टर सकाळपर्यंत बॅटरीचा काही भाग खाऊन टाकतो.

१,१०० वॉट-अवरला १२ ने भागले की सुमारे ९२ अँपिअर-अवर मिळतात; बॅटरीची क्षमता याच एककात मोजतात. लेड-ॲसिड बँक रोज निम्म्याहून खाली न्यायची नाही, या नियमाने एका दिवसासाठी सुमारे १८५ आणि ढगाळ दिवसाची थोडी सोय धरली तर २०० अँपिअर-अवरपेक्षा मोठी बँक लागते. लिथियमचा ८० टक्के भाग निर्धास्त वापरता येतो आणि तिचे व्होल्टेजही थोडे जास्त असते, त्यामुळे साधारण ११० अँपिअर-अवर पुरतात. पॅनेलसाठी हिशेब असा: दिवसाला चार तास पूर्ण ताकदीचे ऊन मिळते असे मानले आणि उष्णता, धूळ, आडवे बसवलेले पॅनेल व वायरमधील घट यांपोटी ३० टक्के वजा केले, तर १,१०० भागिले २.८, म्हणजे सुमारे ४०० वॅट. लेड-ॲसिडमध्ये चार्जिंग करताना १५ ते २० टक्के ऊर्जा वाया जाते, म्हणून तिथे पॅनेल आणखी थोडे मोठे असावे. हिवाळ्यात उन्हाचे तास घटतात हेही लक्षात ठेवावे.

बॅटरीवर छापलेली क्षमता लेड-ॲसिडच्या बाबतीत सहसा २० तासांत सावकाश रिकामी केल्यावर मिळणारी असते. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये दाखवून दिले की करंट जितका मोठा, तितकी मिळणारी क्षमता कमी. म्हणूनच इन्व्हर्टरवर किटली किंवा मायक्रोवेव्ह चालवताना लेड-ॲसिड बँक अपेक्षेपेक्षा फार लवकर मान टाकते. लिथियममध्ये हा परिणाम नगण्य असतो.

तिसरे पाऊल: जोडणी

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून चार्जिंग सांभाळणारे चार्ज कंट्रोलर दोन प्रकारचे असतात. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचतो; त्यामुळे १८ व्होल्ट आणि ५.५ अँपिअर देऊ शकणारे १०० वॅटचे पॅनेल १३ व्होल्टच्या बॅटरीवर जेमतेम ७२ वॅट देते. एमपीपीटी कंट्रोलर पॅनेलला त्याच्या सर्वोत्तम व्होल्टेजवर चालू देतो आणि जास्तीच्या व्होल्टेजचे रूपांतर करंटमध्ये करतो. एकच छोटे पॅनेल असेल तर पीडब्ल्यूएम चालून जाईल. दोनशे वॅटच्या पुढे मात्र एमपीपीटीच घ्यावा.

पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकाच्या पॉझिटिव्हला दुसऱ्याचे निगेटिव्ह असे, जोडताना एका गोष्टीची खात्री करावी. थंडीत पॅनेलचे ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता मिळणारे व्होल्टेज, वाढते. क्रिस्टलाइन पॅनेलमध्ये दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३ टक्के. २२ व्होल्टची दोन पॅनेल सिरीजमध्ये ४४ व्होल्ट देतात, पण कडाक्याच्या थंडीत सकाळच्या पहिल्या उन्हात हाच आकडा ५० च्या जवळ जाऊ शकतो. हा वाढलेला आकडा कंट्रोलरच्या कमाल मर्यादेच्या आत राहिला पाहिजे, कारण ही मर्यादा ओलांडली तर कंट्रोलर जळतो. छतावर एखाद्या पॅनेलवर सावली पडण्याची शक्यता जास्त असेल, तर पॅरलल जोडणी (पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह) बरी पडते, कारण तिथे एका पॅनेलची सावली बाकीच्यांचा करंट फारसा अडवत नाही.

कंट्रोलर बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवावा आणि त्यांच्यामधली वायर जाड असावी. यामागचे कारण केवळ वीज वाचवणे एवढेच नाही. बहुतेक कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज मोजतात. वायर बारीक असेल तर कंट्रोलर १४.४ दाखवतो, बॅटरीला मात्र १४.० च पोहोचतात, आणि ‘पूर्ण चार्ज’ झालेली बँक प्रत्यक्षात रोज थोडी उपाशी राहते. बॅटरीपर्यंतची घट ३ टक्क्यांच्या आत ठेवणे हा सर्वमान्य नियम आहे. चार्जिंगच्या वायरसाठी मी त्याहूनही कडक राहीन.

प्रत्येक पॉझिटिव्ह वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. फ्यूज वायरच्या संरक्षणासाठी असतो, उपकरणाच्या नव्हे. म्हणून त्याची निवड वायरच्या क्षमतेवरून करावी. लिथियम बॅटरी शॉर्ट सर्किटमध्ये हजारो अँपिअर देऊ शकते आणि साधा फ्यूज एवढा करंट तोडू शकेलच असे नाही. अशा बँकेच्या मुख्य वायरवर एवढा करंट तोडू शकणारा क्लास टी फ्यूज बसवावा.

जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. कंट्रोलर बॅटरीवरून सिस्टिमचे व्होल्टेज ओळखतो, आणि बॅटरीविना पॅनेल जोडले तर काही कंट्रोलर बिघडतात. काम करण्याआधी अंगठी व घड्याळ काढून ठेवावे, पाना इन्सुलेटेड असावा, निगेटिव्ह टर्मिनल सर्वांत आधी सोडवावे आणि सर्वांत शेवटी जोडावे.

एकापेक्षा जास्त बॅटऱ्या पॅरलल जोडताना त्या एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या असाव्यात. मुख्य पॉझिटिव्ह वायर पहिल्या बॅटरीवरून आणि मुख्य निगेटिव्ह वायर शेवटच्या बॅटरीवरून, अशी तिरकी घ्यावी. दोन्ही वायरी एकाच बॅटरीवरून घेतल्या तर तीच बॅटरी जास्त राबते आणि दूरची कधीच पूर्ण चार्ज होत नाही. लिथियम बॅटऱ्या एकत्र जोडण्यापूर्वी प्रत्येक स्वतंत्रपणे पूर्ण चार्ज करून घ्यावी.

चौथे पाऊल: चार्जिंगचे टप्पे समजून घ्या आणि सेटिंग करा

लेड-ॲसिडचे चार्जिंग तीन टप्प्यांत होते. पहिल्या, बल्क टप्प्यात कंट्रोलर मिळेल तेवढा सगळा करंट बॅटरीत ढकलतो आणि व्होल्टेज हळूहळू चढत जाते. ते ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचले की बॅटरी सुमारे ८० टक्के भरलेली असते. तिथून ॲब्सॉर्प्शन टप्पा सुरू होतो: व्होल्टेज स्थिर राहते आणि बॅटरी घेत असलेला करंट क्रमाने कमी होत जातो. अरुंद तोंडाचे भांडे काठोकाठ भरायचे तर शेवटी धार बारीक करावी लागते, तसाच हा प्रकार आहे. घाई करून उपयोग नसतो. शेवटच्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात, मग पॅनेल कितीही मोठे असो. बॅटरी भरल्यावर फ्लोट टप्प्यात व्होल्टेज खाली आणून ती नुसती भरलेली ठेवली जाते.

हा शेवटचा भाग रोज अपुरा राहिला तर प्लेटवरील लेड सल्फेटचे मऊ कण हळूहळू कठीण स्फटिक बनतात. यालाच सल्फेशन म्हणतात. कठीण झालेले सल्फेट सहसा परत विरघळत नाही आणि तेवढी क्षमता कायमची जाते. दिवसभर सावलीत उभे राहायचे, संध्याकाळी बॅटरी ७० टक्क्यांवर, सकाळी ४० वर, पुन्हा दिवसा ७० वर, असे आठवडे काढले तर कोणत्याही चांगल्या कंपनीची लेड-ॲसिड बँक टिकणार नाही. आठवड्यातून निदान एकदा ती खरोखर शंभर टक्के व्हायलाच हवी. उन्हाने होत नसेल तर बाहेरील वीजजोडणीवरून चांगल्या चार्जरने करावी. सकाळच्या वेळी जनरेटर किंवा चार्जर लावून बल्कचा मोठा भाग उरकावा आणि दुपारचे लांबलचक ॲब्सॉर्प्शन उन्हावर सोडावे, ही विभागणी इंधनाच्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाची आहे.

बॅटरी भरली हे कसे ओळखावे? व्होल्टेज ॲब्सॉर्प्शनवर असताना करंट बँकेच्या क्षमतेच्या सुमारे २ टक्क्यांपर्यंत खाली आला, म्हणजे २०० अँपिअर-अवरच्या बँकेत ४ अँपिअरच्या आसपास, की ती भरली असे समजावे. नेमका आकडा उत्पादकाच्या पत्रकात असतो. काही कंट्रोलर केवळ घड्याळावर चालतात आणि ठरलेला वेळ संपताच फ्लोटवर जातात. अशा वेळी ॲब्सॉर्प्शनचा वेळ वाढवून ठेवावा.

१२ व्होल्टच्या बँकेसाठी, २५ अंश सेल्सिअसला, आकडे साधारण असे असतात. पाणी घालायच्या बॅटरीसाठी ॲब्सॉर्प्शन १४.४ ते १४.८ आणि फ्लोट १३.२ ते १३.६, एजीएमसाठी १४.४ ते १४.७ आणि १३.५ च्या आसपास, जेलसाठी १४.१ ते १४.२ आणि १३.५ ते १३.८. जेलला याहून जास्त व्होल्टेज दिले तर आत वायूचे बुडबुडे अडकून जेलमध्ये कायमच्या पोकळ्या होतात, म्हणून तिथे मर्यादा काटेकोर पाळावी. आपल्या बॅटरीच्या पत्रकातील आकडे वेगळे असतील तर तेच अंतिम मानावेत.

तापमानाची दुरुस्ती ही लेड-ॲसिडसाठी ऐच्छिक बाब नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला साधारण ०.०२४ ते ०.०३ व्होल्ट एवढी दुरुस्ती लागते: थंडीत वाढवायची, उकाड्यात कमी करायची. ५ अंशाला चार्जिंगचे व्होल्टेज जवळजवळ अर्ध्या व्होल्टने जास्त लागते आणि ४० अंशाला सुमारे ०.४ व्होल्टने कमी. कंट्रोलरसोबत तापमानाचा सेन्सर मिळत असेल तर तो बॅटरीच्या अंगाला चिकटवून बसवावा.

लिथियमचे गणित सोपे आहे, पण चुकीला क्षमा नाही. चार सेलच्या बॅटरीला १४.२ ते १४.६ व्होल्टपर्यंत चार्ज करावे. ॲब्सॉर्प्शन थोडाच वेळ पुरते. फ्लोट गरजेचाच नसतो, ठेवायचाच तर १३.४ ते १३.५. तापमानाची दुरुस्ती आणि इक्वलायझेशन (ते काय, हे सहाव्या पावलात येते) ही दोन्ही सेटिंग बंद करावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सेलचे तापमान ० अंशाखाली असताना लिथियम बॅटरी चार्ज करू नये. तशा थंडीत लिथियम आयन ॲनोडच्या आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. चांगल्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत, थंडीत चार्जिंग रोखण्याची सोय असते. विकत घेण्यापूर्वी ती आहे का हे स्पष्ट विचारावे. लिथियमला रोज पूर्ण भरण्याची गरज नसते, उलट थोडी रिकामी राहिलेली तिला मानवते. मात्र सेल समतोल राहावेत म्हणून अधूनमधून पूर्ण चार्ज करावी.

गाडी चालताना अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या जनित्रावरून, चार्जिंग करायचे असेल तर मध्ये करंट व व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा डीसी ते डीसी चार्जर बसवावा. लिथियम बँक मिळेल तेवढा करंट घेते आणि कमी वेगावर, हवा कमी खेळत असताना, अल्टरनेटर तापून जळू शकतो. नवीन गाड्यांतील स्मार्ट अल्टरनेटर व्होल्टेज मुद्दाम खाली आणतात, त्यामुळे लेड-ॲसिडलाही थेट जोडणी पुरत नाही.

पाचवे पाऊल: बॅटरीत किती वीज आहे ते ओळखायला शिका

लेड-ॲसिडचे व्होल्टेज चार्ज किंवा लोड चालू असताना पाहून निष्कर्ष काढू नये. काही तास विश्रांतीनंतरचे १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण, १२.१ ते १२.२ म्हणजे अर्धी, आणि ११.८ च्या आसपास म्हणजे रिकामी. एजीएममध्ये हे आकडे किंचित जास्त असतात. चाकांवरच्या घरात बॅटरीला अशी विश्रांती क्वचितच मिळते, आणि लिथियमचे व्होल्टेज तर २० ते ९० टक्क्यांदरम्यान जवळजवळ सपाट असते. म्हणून शंट (करंट मोजणारी धातूची पट्टी) असलेला बॅटरी मॉनिटर हा माझ्या मते पॅनेलनंतरचा सर्वांत उपयोगी खर्च आहे. शंट निगेटिव्ह बाजूला बसतो आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटच्या वायरीखेरीज दुसरी एकही वायर नसावी. एखादी वायर थेट बॅटरीवर राहिली तर तिच्यातला करंट मोजलाच जात नाही. मॉनिटरमध्ये बँकेची क्षमता, पूर्ण चार्जचे व्होल्टेज आणि चार्ज पूर्ण होतानाचा करंट नीट भरावा. बँक पूर्ण भरली की मॉनिटर स्वतःला १०० टक्क्यांवर जुळवून घेतो. आठवडोन्‌आठवडे ती भरलीच नाही तर त्याचा आकडा हळूहळू भरकटतो.

सहावे पाऊल: नियमित निगा

पाणी घालायच्या बॅटरीची पातळी महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात त्याहून लवकर तपासावी. फक्त डिस्टिल्ड पाणीच वापरावे. नळाच्या पाण्यातील क्षार प्लेट खराब करतात, आणि ॲसिड तर कधीही घालू नये. पाणी पूर्ण चार्ज झाल्यानंतर घालावे, कारण चार्ज होताना द्रव फुगतो आणि आधी भरलेली बॅटरी उतू जाते. प्लेट उघड्या पडल्या असतील तर मात्र चार्ज करण्यापूर्वी त्या जेमतेम बुडतील एवढेच पाणी घालून घ्यावे. चष्मा व हातमोजे वापरावेत. हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या साधनाने, प्रत्येक सेल मोजावा: पूर्ण चार्जला आकडा १.२६५ च्या जवळ असतो. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०३ किंवा अधिक मागे असेल तर इक्वलायझेशनची वेळ आली आहे.

इक्वलायझेशन म्हणजे भरलेल्या बॅटरीला काही वेळ १५ ते १६ व्होल्ट देऊन सेल समपातळीवर आणणे आणि तळाशी बसलेले जड ॲसिड ढवळून काढणे. ही प्रक्रिया फक्त पाणी घालायच्या बॅटरीसाठी आहे. एजीएमसाठी उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच, आणि जेल व लिथियमसाठी कधीच नाही. आधी पाण्याची पातळी पाहावी, १२ व्होल्टची नाजूक उपकरणे वेगळी करावीत, हवा खेळती ठेवावी आणि दर तासाला हायड्रोमीटरचा आकडा घ्यावा. तो वाढायचा थांबला की प्रक्रिया बंद करावी. या काळात हायड्रोजन भरपूर सुटतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून अशा बॅटऱ्यांचा कप्पा झोपण्याच्या जागेपासून बंदिस्त आणि बाहेर हवा जाणारा असावा.

टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर दिसला तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, सेलमध्ये थेंबही जाणार नाही अशा बेताने, पुसून घ्यावे, कोरडे करावे आणि घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. प्रवासातील हादऱ्यांनी नट सैल होतात. सैल जोड तापतो, म्हणून लांबच्या प्रवासानंतर ते तपासावेत. पॅनेलवरील धूळ व पक्ष्यांची विष्ठा साध्या पाण्याने धुवावी.

सातवे पाऊल: गाडी उभी ठेवताना

लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून ठेवावी. ती महिन्याला ३ ते ५ टक्के आपोआप उतरते, उकाड्यात त्याहून जास्त. म्हणून पॅनेल चालू ठेवून फ्लोटवर राहू द्यावी किंवा दर एकदोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. थंड प्रदेशात रिकामी बॅटरी शून्याच्या थोड्याच खाली गोठून फुटते, तर पूर्ण भरलेली उणे ५० पर्यंतही गोठत नाही. लिथियम सुमारे ५० टक्क्यांवर ठेवावी आणि मुख्य स्विचने वेगळी करावी. गॅस गळती सूचक, रेडिओची स्मृती, इन्व्हर्टरचा स्टँडबाय अशा बारीकसारीक गोष्टी सतत थोडा करंट खातात. त्यांच्यामुळे लिथियम पार रिकामी झाली तर बीएमएस ती बंद करतो आणि टर्मिनलवर शून्य व्होल्ट दिसतात; तिला पुन्हा जागे करण्याची सोय असलेला चार्जर तेव्हा लागतो.

वर्षातून एकदा क्षमता तपासणे चांगले. लेड-ॲसिड बँक पूर्ण भरावी, काही तास विश्रांती द्यावी, मग क्षमतेच्या विसाव्या भागाइतका करंट घेणारा लोड लावून व्होल्टेज १०.५ वर येईपर्यंत किती अँपिअर-अवर निघाले ते मॉनिटरवर पाहावे आणि लगेच पूर्ण चार्ज करावे. छापील क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली आकडा आला की बँक आयुष्याच्या अखेरीकडे आली असे मानतात. त्यानंतर एखादीच बॅटरी बदलू नये, कारण जुन्या बॅटऱ्या नवीला आपल्या पातळीवर ओढतात. पूर्ण बँक एकदम बदलावी आणि जुन्या बॅटऱ्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्याव्यात. याच वेळी लेड-ॲसिडवरून लिथियमकडे जाणार असाल, तर पॅनेल जोडण्यापूर्वी सोलर कंट्रोलर, वीजजोडणीवरचा चार्जर, अल्टरनेटरकडील चार्जर आणि मॉनिटर या चारही ठिकाणची सेटिंग बदललेली असली पाहिजेत.